कुशावर्ताचा कान

कुशावर्ताविषयी चांगलं लिहायला मला त्रास होतो, हे आधीच सांगून टाकते. तीन वर्षं आम्ही लातूरच्या एका लहानशा रेडिओ केंद्रात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. त्या तीन वर्षांत मी तिचा जेवढा विचार केला, तेवढा माझ्या ठरत आलेल्या लग्नाचाही केला नाही. त्यातला बराचसा विचार असा होता की ही इथं नसती तर किती बरं झालं असतं.

केंद्र एका शिक्षणसंस्थेचं होतं. इमारतीच्या मागच्या बाजूला दोन खोल्या. एकीच्या भिंतींवर गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं, ती ध्वनिमुद्रणाची. दुसरीत चार संगणक, एक कपाट आणि आम्ही. आमचा आवाज लातूर शहर आणि भोवतीच्या गावांपर्यंत पोचायचा, त्यापलीकडं नुसती खरखर. पण कार्यक्रमांचे तुकडे लोक फोनवर एकमेकांना पाठवत, आणि ते मात्र कुठंही जाऊन पोचत.

मी नांदेडची. वडील हायस्कुलात शिक्षक, घरात पुस्तकांची दोन कपाटं, आणि समोरच्या शोकेसमध्ये माझ्या वक्तृत्वाच्या ढाली. मराठीत एम.ए. केलेलं. रेडिओला लागतो चांगला आवाज आणि शुद्ध भाषा, अशी माझी समजूत होती आणि दोन्ही गोष्टी माझ्याकडं होत्या. कुशावर्ताकडं दोन्ही नव्हत्या. ती लातूरजवळच्या मुरुडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नवरा डाळमिलमध्ये, मुलगी आठवीत. बी.ए. दुसऱ्या वर्षाला अडकलेलं. आधीची सहा वर्षं ती वीज गेल्याच्या तक्रारींचे फोन घ्यायची. आवाज सपाट, थोडा नाकातून येणारा. 'ण'ला 'न' म्हणायची. सगळे तिला कुशाताई म्हणत. मी समोर अहो-जाहो करायची, मनात मात्र कायम एकेरीत बोलायची.

आम्हाला शिकवायला हणमंते सर होते. आयुष्य रेडिओत घालवून निवृत्त झालेले. आठवड्यातून तीन दिवस नांदेडहून यायचे. कुणी काही वाचून दाखवायला लागलं की डोळे मिटून घ्यायचे, आणि डोळे कधी उघडतात यावरून आमचं भवितव्य ठरायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी विषय दिला, 'नळाला पाणी येण्याचा दिवस'. लातूरकरांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. मी पाऊण तास खपून दीड पान लिहिलं. त्यात 'जीवनदायिनी' होतं, 'आसुसलेले कंठ' होते, एक वाक्य तर सहा ओळींचं होतं. आवाजात चढउतार करून मी ते वाचलं. सरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "वैशाली, कागद दे बघू." कागद नजरेखालून घालून म्हणाले, "वाचायला चांगलं आहे. ऐकताना मात्र मी तिसऱ्या ओळीत हरवलो."

मग कुशावर्ताची पाळी. तिनं विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिलं होतं. उभं राहून आपल्या त्या सपाट आवाजात तिनं वाचलं, "पानी यायचं असलं की नळ आधी खोकतो. मंग गप बसतो. आमी बी गप बसतो. पुन्हा खोकतो. शेजारची काकू म्हनती, आलं वाटतं. अन् मंग घागरीच्या बुडाला पयली धार लागती, तवा सगळी गल्ली एकदम बोलायला लागती."

सरांनी डोळे उघडलेच नाहीत. "पुन्हा वाच," म्हणाले.

तेव्हापासून मला ती आवडेनाशी झाली.

तिच्या सवयींचा मला राग यायचा, कारण त्या मला सुचलेल्या नव्हत्या. कार्यक्रमाचं काही लिहिलं की ती आमच्या शिपाईमामांना वाचून दाखवायची. मामा चहाचे कप विसळत ऐकत. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला की ती ओळ राहायची. आणि मामांचं लक्ष कपाकडं वळलं की तिथं तिची पेन्सिल फिरायची. मी एकदा म्हणाले, "मामांना काय कळतंय त्यातलं?"

ती म्हणाली, "मॅडम, वाचनारा मानूस कळलं न्हाई तर वर जाऊन पुन्हा वाचतो. कान मागं जात न्हाई. एकदा गेलं की गेलं."

हे वाक्य पुढं मी नव्या मुलामुलींना शिकवताना बरेचदा वापरलं. ते तिचं आहे, हे मात्र कधी सांगितलं नाही.

ध्वनिमुद्रण करायला कुठंही गेली तरी काम संपल्यावर ती सगळ्यांना हातानं थांबवायची आणि यंत्र तसंच चालू ठेवून त्या जागेचा नुसता आवाज अर्धं मिनिट घ्यायची. अडत बाजारात हमाल तिच्याकडं बघून हसायचे, की ही बाई कुणाचं काय ऐकायली? पुढं संकलन करताना दोन वाक्यांच्या मधे ती जागा भरायला लागली की ते अर्धं मिनिट कामाला यायचं, आणि जोड कुठं आहे ते कुणालाही सापडायचं नाही. मलाही सापडायचं नाही. मी रविवारी मुद्दाम लवकर येऊन तिच्या फायली उघडायची. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात, त्यांवर केलेले काप दिसतात. एकेका मिनिटात तिचे वीस-वीस काप. कानानं ऐकलं तर वाटावं की माणूस सलग बोलत गेलाय. मी ते मोजत बसायची.

एकदा मी अहमदपूरच्या एका शेतकऱ्याची मुलाखत संपादित केली. त्याचं प्रत्येक 'अं', प्रत्येक 'म्हंजे', खोकला, मधेच घेतलेला श्वास, सगळं काढून टाकलं. मुलाखत अशी स्वच्छ झाली की मलाच माझं कौतुक वाटलं. कुशावर्ता पाठीमागून जात होती. तिनं उभ्या उभ्या अर्धं मिनिट ऐकलं.

"मॅडम, राग नका मानू. ह्यांचा श्वास कापलाव तुमी. मानूस जिता वाटंना गेलाय."

"वेळ वाचतो त्यानं," मी म्हणाले.

"हाव, वाचतो," ती म्हणाली आणि पुढं गेली. ती वाद घालायची नाही, हा आणखी एक त्रास. वाद घातला असता तर मी जिंकले असते.

मी पुन्हा ऐकलं. खरंच, तो शेतकरी सरकारी पत्रक वाचून दाखवत असल्यासारखा वाटत होता. ती निघून गेल्यावर मी काढलेले श्वास एकेक करून परत लावले. ती मुलाखत सरांना आवडली. "शिकलीस," म्हणाले. त्यांचा तो एक शब्द ऐकून मी दोन दिवस आनंदात असायला हवी होती. मी दोन दिवस धुमसत होते.

मग मी तिच्यासारखं लिहायला लागले. लहान वाक्यं, घरातले शब्द. माझं मलाच वाटलं की जमतंय. एका लेखनाच्या शेवटी सर म्हणाले, "चांगलंय. पण हे कुशावर्ताचं वाटतं. तू कुठं आहेस यात?" ती समोरच बसली होती. तिनं खाली मान घालून डब्याचं झाकण लावल्यासारखं केलं. मला लाज वाटू नये म्हणून केलेली ती हालचाल मला अजून विसरता येत नाही.

आता गयाबाईची गोष्ट. ही गोष्ट सांगितल्याशिवाय कुशावर्ता पुरी होणार नाही, आणि मीही.

गयाबाई म्हणजे मुरुडच्या वाटेवरच्या एका गावातली म्हातारी सुईण. दवाखाने जवळ नव्हते त्या काळात तिनं अर्ध्या गावाचं बाळंतपण केलेलं. कुशावर्ता तिच्या घरी तीनदा जाऊन आली आणि वीस मिनिटांचा कार्यक्रम केला. तो तयार झाला आणि नेमकी त्याच वेळी तिची मुलगी तापानं आजारी पडली. ती रजेवर गेली. आवाजाची पातळी सारखी करून फाईल प्रसारणाला देणं एवढंच काम राहिलं होतं, ते सरांनी माझ्याकडं सोपवलं.

मी तेवढं करून उठले असते तर बरं होतं. पण मी मूळ ध्वनिमुद्रण उघडलं. ती काय ठेवते आणि काय टाकते, ते बघायची मला चटकच लागली होती. ऐकता ऐकता एका जागी थांबले. कुशावर्तानं विचारलं होतं, "आता घरी तुमचं कोन बघतं, मावशी?" त्यानंतर गयाबाई गप्प झालेली. बराच वेळ. मागं कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज, एक कोंबडी, आणि मग म्हातारीचं वाक्य, "सून बघती. लई चांगली हाय." मी मोजलं. अकरा सेकंद. तयार कार्यक्रमात ते अकरा सेकंद नव्हते. प्रश्नाला लागून लगेच उत्तर होतं.

मला आनंद झाला. एवढा कान असलेल्या बाईला हे ऐकू आलं नाही? सासू सुनेविषयी बोलायच्या आधी अकरा सेकंद गप्प राहते, त्यातच सगळं आलं, आणि हिनं ते केरात टाकलं? मला ते ऐकू आलं, तिला आलं नाही. मी ते अकरा सेकंद परत लावले. कुणाला विचारलं नाही. फाईल प्रसारणाला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम लागला. सर आमच्यातच बसून ऐकत होते. ती जागा आली, गेली, आणि त्यांनी डोळे उघडले. ओले होते. "कुशावर्तानं काय जागा ठेवलीय," ते म्हणाले. माझी एकुलती एक चांगली कलाकुसर तिच्या नावावर जमा झाली होती आणि मला ती मागून घेता येत नव्हती.

तो तुकडा कुणीतरी फोनवर कापून घेतला आणि तो गावोगाव फिरला. चौथ्या दिवशी गयाबाईचा मुलगा केंद्रावर आला. चाळिशीचा, साधा, हात कामानं रापलेले. आवाज चढवला नाही त्यानं. "गावात सगळे मायच्या गप बसन्याची नक्कल करायलेत," तो म्हणाला. "माझी बायको दोन दिवस झाले जेवली न्हाई. आजारपनात सात महिने आईची उस्तवार केली तिनं. माय देवळात जाऊन बसली, घरी येईना. आता आमी काय करावं, सांगा."

कुशावर्ता त्याच दिवशी कामावर आली होती. तिनं त्याला पाणी दिलं, बसवलं. मग कानाला हेडफोन लावून प्रसारित झालेली फाईल काढली आणि ती जागा एकदाच ऐकली. हेडफोन काढले. माझ्याकडं बघितलं. अगदी थोडा वेळ, मामा ऐकत असताना ती त्यांच्याकडं बघायची तसं. मग त्या माणसाला म्हणाली, "चूक माझी हाय, दादा. तुमच्या संगंच येते मी."

सर म्हणाले, आपण संस्थेतर्फे पत्र देऊ. ती म्हणाली, "पत्र कोन वाचनार सर?" आणि पिशवी उचलली. मी कशी कोण जाणे, "मीही येते," म्हणाले.

गयाबाईच्या घराच्या ओट्यावर सून बसली होती, शांताबाई. आम्हाला बघून आत निघून गेली. कुशावर्ता तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली आणि चुलीशेजारी जमिनीवरच बसली. यंत्र तिनं आणलंच नव्हतं. तिनं माफीबिफी काही मागितली नाही. एवढंच म्हणाली, "मी तीनदा आले, तुमाला एकदा बी काई विचारलं न्हाई. आता सांगा."

शांताबाई बोलायला लागली ती थांबेचना. पहाटे उठण्यापासून म्हातारीच्या पायाला लावायच्या तेलापर्यंत. कुशावर्ता मधे फक्त 'हाव' म्हणत होती. मी दारात उभी होते. मला त्यातलं निम्मं तक्रार वाटत होतं आणि निम्मं माया. कुठलं कुठं संपतं ते कळत नव्हतं.

मुलानं तेवढ्यात आईला देवळातून आणलं. गयाबाई उंबऱ्यात बसली. सुनेकडं न बघता म्हणाली, "शांते, मी तुझ्यावरून गप न्हवते बसले गं. हिनं इचारलं, कोन बघतं. मला आपली इमल आठिवली."

विमल तिची लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. अख्ख्या गावाच्या बायका सोडवणाऱ्या आईच्या हातात गेली. त्या घरात तिचं नाव काढत नसत. शांताबाई या घरात यायच्या आधीची ती गोष्ट होती, आणि शांताबाईलाही ती अर्धीच माहीत होती.

"ह्या पोरीला सांगितलं होतं मी," गयाबाई कुशावर्ताकडं हात करून म्हणाली. "मशीन बंद केल्यावर. म्हनलं, हे गप बसनं लावू नको. हाव म्हनली होती."

कुशावर्ता खाली बघत होती. "हाव मावशी. म्हनले होते. चुकलं."

मी तिथंच बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. 'ते मी केलं.' ते ओठापर्यंत आलं, आणि मी पदर नीट केला.

शांताबाईनं चहा टाकला. सासूचा कप तिनं स्वतः नेऊन दिला, बशीत ओतून, फुंकर घालून. एवढंच. रडारड नाही, गळाभेट नाही. निघताना म्हणाली, "रेडिओवर पुन्हा लावनार असाल तर ते गप बसनं काढून लावा." आम्ही ते काढून आठवड्याभरात पुन्हा लावलं. नकला करणारे काही दिवसांनी कंटाळले असणार. पुढं कधीतरी गयाबाईच्या मुलानं कुशावर्ताच्या घरी तुरीची डाळ पोचवली, असं मामांकडून कळलं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. मी वाट बघत होते, आता विचारेल, आता विचारेल. ती म्हणाली, "मॅडम, शांताबाईचं तेवढं ऐकलाव न्हवं? तिच्यावर कार्यक्रम व्हायला पायजे. पन आता न्हाई. वर्षभरानं." आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. मला तेव्हासुद्धा हेच खुपलं, की हिला अशाही वेळी झोप येते.

सरांना तिनं काही सांगितलं नाही. चूक तिच्याच नावावर राहिली. संस्थेच्या बैठकीत एका सदस्यानं तिला बरंच सुनावलं, ते तिनं उभं राहून ऐकून घेतलं. मी इतिवृत्त लिहीत होते.

त्यानंतर दीड वर्षानं पुण्याच्या एका मोठ्या केंद्रानं सरांकडं एक नाव मागितलं. ग्रामीण कार्यक्रम करणारी, लिहिता आणि संकलन करता येणारी व्यक्ती हवी होती. मीही अर्ज केला होता. माझा अर्ज जास्त चांगला लिहिलेला होता, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. सरांनी तिचं नाव दिलं. तिचा नवरा म्हणाला, तू आणि पोरगी पुढं व्हा, मी तिकडं काही बघतो. तिनं पंधरा दिवसांत आवराआवर केली.

मी तिला पोचवायला लातूरच्या स्टँडवर गेले. का गेले ते नक्की सांगता येणार नाही. कदाचित ती खरोखर जाते आहे हे बघायला. सामान वर टाकून झालं, मुलगी आत जाऊन जागा धरून बसली. आम्ही दोघी गाडीच्या दाराशी उभ्या होतो. वाहक अजून चहा पीत होता.

"कुशाताई, गयाबाईची ती फाईल मी बदलली होती," मी म्हणाले.

"माहीत हाय," ती म्हणाली. "फाईल कवा बदलली ती येळ दिसती की मॅडम. मी रजेवर होते तवा."

"मग सरांना का नाही सांगितलंत?"

तिनं थोडा विचार केला. "सांगनार होते. दोनदा उठले बी. मंग वाटलं, नाव माझं हाय कार्यक्रमावर. मी पोरीपाशी बसून फोनवर एकदा ऐकून घ्यायला पायजे होतं. न्हाई ऐकलं."

"माझा राग नाही आला?"

"आला की," ती म्हणाली. "अजून हाय."

हे तिनं नळ खोकतो म्हणाली होती त्याच सपाट आवाजात सांगितलं. मी तिच्याकडून माफीच्या अपेक्षेनं आले होते, हे मला तेव्हा कळलं. तिला ते आधीच कळलं असावं. तिनं माझ्या दंडाला हात लावला, "जपून जावा घरी," म्हणाली, आणि वर चढली.

वाहकानं घंटी दिली. ती खिडकीशी बसली. गाडी मागं घेईपर्यंत पुढच्या आसनावरची एक म्हातारी मागं वळून तिला काहीतरी सांगायला लागली होती. कुशावर्ता पुढं झुकली, डोळे बारीक करून ऐकायला लागली. मी हात वर केला. गाडी वळली, फाटकातून बाहेर पडली, आणि ती त्या बाईचंच ऐकत होती.

मला त्या बाईचा हेवा वाटला.